मुलाचे वाद्य आणि घरचे कान

मुलाला पेटी किंवा तबला शिकवावयाचा ठरला की आपण आईबाप दोन कामे करतो. मास्तर शोधतो आणि फी भरतो. पुढचे मास्तर जाणोत आणि मूल जाणो! वर्षभराने पेटीवर कापड पडते, त्यावर धूळ बसते, आणि आपण म्हणतो, "काय करणार, त्याच्या अंगातच नाही."

अंगात नसते हे खरे. ते अंगात कोणाच्याच नसते. मग काही घरांत मुले सहज वाजवू लागतात ती कशी, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी आपण मुंबईच्या गोरेगावातच जाऊ, आरे कॉलनीत. मुंबईला दूध पुरविण्यासाठी 1949 साली ही वसाहत उभी राहू लागली आणि 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गोठे आले, म्हशी आल्या. पण त्या रानात माणसे त्याआधीपासून राहत होती. आजही तिथे सत्तावीस आदिवासी पाडे आहेत, आणि त्यांत वारली घरे पुष्कळ. वारल्यांचे वाद्य म्हणजे तारपा.

तारपा तुम्ही चित्रात नक्की पाहिला असेल. वारली चित्रात माणसांची साखळी गोल गोल फिरत असते आणि मध्ये एक जण लांबलचक वाद्य फुंकत असतो, तोच तो. वाळलेला, आतून पोकळ केलेला दुधी भोपळा ही त्याची हवेची पिशवी. भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या जोडलेल्या. नळ्यांच्या आतल्या टोकाशी बांबूचीच पातळ जीभ असते. हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. नळ्यांच्या भोकांवर बोटे चालतात, शेवटाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवलेले. गारुड्याच्या पुंगीचेच हे थोरले भावंड म्हणा ना.

आता यातली खरी मेख सांगतो. नाच चालू असेतो तारप्याचा सूर तुटता कामा नये. नाचणारे त्या सुराच्या वळणावर पाऊल बदलतात. सूर थांबला तर साखळी थांबली. मग वाजविणाऱ्याने श्वास घ्यावयाचा केव्हा? तो गालांत हवा साठवितो, गाल दाबून ती आत ढकलतो, आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास ओढून घेतो. घरी करून पाहा. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि बुडबुडे न तोडता फुंकत राहा. पहिल्या दिवशी बहुतेकांना ठसका लागेल.

ही गोष्ट वहीत लिहून देता येत नाही. लेखी सूरलिपीवर हे वाद्य पोसलेले नाही. मूल ते शिकते ते बापाच्या किंवा चुलत्याच्या जवळ बसून, गाल कसे फुगतात आणि बोटे कशी उचलतात ते पाहून. त्याआधी कितीतरी वर्षे त्याने ते ऐकलेले असते. भाताची कापणी आली, दिवाळी जवळ आली की आईच्या कडेवर बसून त्याने नाच पाहिलेला असतो. म्हणजे शिकवणी सुरू होण्यापूर्वीच निम्मे शिक्षण झालेले असते, आणि ते घराने दिलेले असते. पालघर जिल्ह्यातील जव्हारकडचे थोर तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनाही हे वाद्य मिळाले ते वडिलांकडून. लोक म्हणतात, रक्तात होते. मी म्हणेन, कानात होते.

याचा उलटा दाखला जपानातला आहे. शिनिची सुझुकी हे 1898 साली नागोया शहरात जन्मले. त्यांच्या वडिलांचा व्हायोलिन तयार करण्याचा मोठा कारखाना होता. लहानपणी या भावंडांना व्हायोलिन म्हणजे खेळणे वाटे. सतरा वर्षांचे झाल्यावर सुझुकींनी ग्रामोफोनची एक तबकडी ऐकली, आणि या लाकडी डब्यातून असा सूर निघतो हे त्यांना तेव्हा कळले! कारखानाभर वाद्ये होती, पण घरात वाजविणारे कोणी नव्हते.

पुढे सुझुकींनी 1946 साली मात्सुमोतो येथे मुलांना शिकविण्यास आरंभ केला. त्यांचा विचार साधा होता. जपानी मूल जपानी भाषा न चुकता शिकते, मग ते सूर का शिकणार नाही? भाषा शिकविते आई. तेव्हा वाद्याच्या शिकवणीतही आई हवी. त्यांच्या पद्धतीत आधी आई किंवा बाप स्वतः एखादी सोपी चाल वाजविण्यास शिकतात. मूल ते पाहते, आणि मग वाद्य मागून घेते. पुढे पालक प्रत्येक शिकवणीला हजर राहतात आणि घरी रियाजाच्या वेळी जवळ बसतात. जगभर नावाजलेल्या या पद्धतीचा गाभा पाहिला तर तो वारल्यांच्या अंगणात आधीपासूनच होता.

पण आरेतले ते अंगण आज जागेवर आहे का? मेट्रोच्या कारशेडसाठी 2017 साली प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना पाडा सोडावा लागला, आणि त्यांना घरे मिळाली ती इमारतींत. इमारतीच्या खोलीत तारपा कुठे वाजवावयाचा? साखळी कुठे फिरणार? जे पाड्यांवरच आहेत, त्यांतले कितीक बापे पहाटे कामाला जातात ते दिवेलागणीनंतर परततात. बाप दमलेला, पोर शाळेचा गृहपाठ करून पेंगुळलेले. तारपा भिंतीवर टांगलेला राहतो, सुझुकींच्या घरातल्या व्हायोलिनसारखा. दोन पिढ्या असे गेले की वाद्य उरेल, पण ते कसे फुंकावयाचे हे सांगणारे कोणी उरणार नाही.

इथे गुरुजी, तुमचे काम सुरू होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि गावातील जाणत्या कलावंतांना शाळेत शिकविण्यास बोलवावे असेही म्हटले आहे. मग गावातला तारपा, संबळ, पखवाज, सनई, जे असेल ते वाजविणाऱ्या पालकालाच बोलवा. त्याचे पोर वर्गात बसलेले असू द्या. आपला बाप शाळेत खुर्चीवर बसून शिकवितो आहे हे त्याने एकदा पाहिले, की घरी तारपा खाली उतरवावयास त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

आणि ज्यांना स्वतःला काहीच वाजविता येत नाही, त्या आईबापांनी काय करावे? स्वर कळलेच पाहिजेत असे नाही. "आज मास्तरांनी काय शिकविले ते मला शिकव," एवढे म्हणा आणि खरोखरच शिकावयास बसा. तुमची बोटे अडखळली की पोराला भारी मौज वाटते. मध्येच चूक काढू नका, चाल पुरी होऊ द्या. परीक्षेच्या प्रमाणपत्राची घाई तर मुळीच नको. मी पाहिलेले बरेचसे दाखले पेटीवरच्या भिंतीला टांगलेले आहेत आणि खाली पेटी बंद आहे. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण ठरलेल्या वेळी, घरात सर्व जण असताना. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही रेडिओ बंद ठेवलात, तर आमची मुळीच तक्रार नाही.