सरासरीतला फरक : खरा की योगायोगाचा?

पिंपरी (प्रतिनिधी) : भोसरी, तळवडे किंवा चाकण परिसरातील सुट्या भागांच्या कारखान्यांत फिरताना एक फलक वारंवार दृष्टीस पडतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी आणि प्रत्येकीसमोर महिन्याचे सरासरी उत्पादन व सरासरी ‘रिजेक्शन’. तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले, की त्यांतला एक सर्वांत वाईट ठरणार, हे ओघाने आलेच. तो आकडा रात्रपाळीचा असेल, तर महिनाअखेरच्या बैठकीत जाब कोणाला द्यावा लागणार, हेही ठरलेले. सुपरवायझरची कानउघाडणी होते, एखाद्या कंत्राटी कामगाराची पाळी बदलते किंवा कामच जाते. मात्र, दिवसाला १४ आणि १६ जॉब यांतला फरक खरोखरच कामातला फरक आहे, की तो आपोआप होणाऱ्या चढ-उताराचा भाग आहे, हा प्रश्न फलकासमोर उभे राहून क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर काढण्याची शिस्तबद्ध रीत संख्याशास्त्राकडे आहे. कारखान्यांत तिला ‘अनोव्हा’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात. मराठी पाठ्यपुस्तकांत तिचे नाव ‘प्रचरण विश्लेषण’. नाव भारदस्त असले, तरी तिच्यामागील विचार साधा आहे आणि त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही.

लहान चाचणी, मोठा निर्णय

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवडचे रूप पालटले. चाकणमध्ये १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा प्रकल्प सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांना भाग पुरविणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांचे जाळे भोसरीपासून निघोजे, महाळुंगेपर्यंत पसरले आहे. या उद्योगांत सतत काही ना काही ठरवावे लागते. कोणते कूलंट घ्यावे, कोणत्या पुरवठादाराची सळई घ्यावी, यंत्राचा वेग किती ठेवावा? त्यासाठी चार-पाच फेऱ्यांची चाचणी होते, सरासरी काढली जाते आणि मोठी सरासरी दिसेल त्या बाजूने कौल दिला जातो. नेमकी येथेच फसगत होते.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण आकडे कोणत्याही सीएनसी लेथवर मिळू शकतील असेच आहेत. समजा, एका उद्योजकाकडे अ, ब आणि क अशा तीन कंपन्यांचे इन्सर्ट आले. एका धारेवर किती जॉब निघतात, हे पाहण्यासाठी प्रत्येकाच्या पाच नव्या धारा चालवून पाहिल्या. अ इन्सर्टवर १८२, १९६, १७५, २०५ आणि १९२ जॉब निघाले, सरासरी १९०. ब इन्सर्टवर २०१, १८८, २१४, १७९ आणि २०८, सरासरी १९८. क इन्सर्टवर २०५, २२१, १९०, २१२ आणि २०२, सरासरी २०६. अ आणि क यांच्यात १६ जॉबचा, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक फरक आहे. क इन्सर्ट महाग असला, तरी विक्री प्रतिनिधी हा तक्ता पुढे करणार आणि खरेदी विभागाला तो पटणार.

आता हेच आकडे पुन्हा पाहा. अ इन्सर्टची एक धार २०५ जॉबपर्यंत टिकली आहे आणि क इन्सर्टची एक धार १९० जॉबमध्येच संपली आहे. एकाच कंपनीच्या पाच धारांमध्ये जर ३० जॉबचा फरक पडत असेल, तर दोन सरासऱ्यांमधील १६ जॉबच्या फरकाला महत्त्व द्यावे का?

दोन तफावतींचे गुणोत्तर

प्रचरण विश्लेषण याच शंकेला आकड्यांत मांडते. त्यात दोन प्रकारची तफावत मोजली जाते. पहिली गटागटांतील, म्हणजे तिन्ही सरासऱ्या एकमेकींपासून किती दूर आहेत याची. दुसरी गटाच्या आतील, म्हणजे एकाच इन्सर्टच्या धारा आपापल्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत याची.

तिन्ही गटांची एकत्रित सरासरी १९८ आहे. गटांच्या सरासऱ्या तिच्यापासून अनुक्रमे ८, ० आणि ८ ने दूर आहेत. या अंतरांचे वर्ग ६४, ० आणि ६४. त्यांची बेरीज १२८. प्रत्येक सरासरी पाच फेऱ्यांची असल्याने पाचने गुणून ६४० मिळतात. गट तीन, म्हणून एक कमी करून दोनने भागले, की गटागटांतील तफावत ३२० येते. गटाच्या आत हीच रीत वापरल्यास पंधराही फेऱ्यांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १,९१४ भरते. पंधरा फेऱ्यांतून तीन गट वजा करून बाराने भागल्यास उत्तर १५९.५ येते. आता ३२० ला १५९.५ ने भागा. गुणोत्तर २ च्या आसपास येते. त्याला ‘एफ’ म्हणतात.

तिन्ही इन्सर्ट प्रत्यक्षात अगदी सारखे असते, तरी योगायोगाने काही ना काही गुणोत्तर आलेच असते. एवढ्या आकाराच्या चाचणीत ते ३.८९ च्या पुढे जाण्याची शक्यता १०० पैकी फक्त ५ असते, म्हणून ३.८९ ही प्रचलित मर्यादा. आपले गुणोत्तर २ आहे. सारख्याच इन्सर्टमधून एवढा किंवा याहून मोठा फरक १०० पैकी सुमारे १८ वेळा दिसू शकतो. एवढ्या पुराव्यावर महाग इन्सर्टची वर्षभराची ऑर्डर देणे म्हणजे जुगारच.

आता समजा, सरासऱ्या त्याच राहिल्या, पण आकडे असे आले. अ : १८८, १९३, १८६, १९२, १९१. ब : १९९, १९५, २०२, १९४, २००. क : २०६, २१०, २०२, २०७, २०५. सरासऱ्या पुन्हा १९०, १९८ आणि २०६. मात्र, गटाच्या आतील तफावत १५९.५ वरून ९.५ वर आली आहे आणि गुणोत्तर सुमारे ३४ झाले आहे. येथे फरकाबद्दल शंकेला फारशी जागा उरत नाही. फलकावर दोन्ही चाचण्यांचे तीन आकडे तंतोतंत सारखेच लिहिले गेले असते. एका चाचणीत त्यांना आधार आहे, दुसऱ्या चाचणीत नाही. सरासरी एकटी पाहिली तर ती हे सांगत नाही.

जोड्या लावण्याचा धोका

‘कुठेतरी फरक आहे’ एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो, तो नेमका कोणाकोणात? येथे अनेक जण दोन-दोन गटांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीची वेगळी चाचणी घेतात. गट तीन असतील तर जोड्या तीन, पण पाच पुरवठादार असतील तर जोड्या दहा होतात. प्रत्येक चाचणीत खोटी हाकाटी होण्याची शक्यता ५ टक्के धरली आणि दहाही चाचण्या स्वतंत्र मानल्या, तर निदान एक खोटी हाकाटी होण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने प्रत्यक्षात ती ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. तरीही ती मूळ ५ टक्क्यांच्या कितीतरी पट आहे. एखादा चांगला पुरवठादार अशा हाकाटीत विनाकारण बाद होऊ शकतो.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९४९ मध्ये यावर तोडगा मांडला. सर्व जोड्यांना मिळून एकच कडक मापदंड लावायचा. आपल्या पहिल्या चाचणीत हा मापदंड सुमारे २१ जॉबचा येतो, म्हणजे १६ चा फरक त्यात बसत नाही. दुसऱ्या चाचणीत तो सुमारे ५ जॉबचा येतो आणि तिन्ही इन्सर्ट एकमेकांपासून वेगळे ठरतात.

चिठ्ठ्या टाकण्याचे महत्त्व

गणित कितीही अचूक केले, तरी चाचणीच चुकीची घेतली असेल तर उपयोग नाही. अ इन्सर्ट सकाळी, यंत्र थंड असताना चालवला आणि क इन्सर्ट दुपारी, यंत्र तापल्यावर चालवला, तर फरक इन्सर्टचा की तापमानाचा, हे कोणतेही सूत्र सांगू शकणार नाही. एका ऑपरेटरने अ आणि दुसऱ्याने क चालवला, तरी तोच घोटाळा. म्हणून पंधरा धारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागतो. तसेच, एकाच धारेवरचे पाच जॉब मोजले म्हणजे पाच फेऱ्या झाल्या, असेही नव्हे. धार एकच असेल, तर तिच्याविषयीची साक्षही एकच.

या शिस्तीचा उगम कारखान्यात नव्हे, शेतात झाला. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतील विल्यम गॉसेट यांनी मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची चाचणी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात १९१९ मध्ये दाखल झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या प्रयोगांसाठी प्रचरण विश्लेषण विकसित केले आणि १९२५ च्या आपल्या पुस्तकाद्वारे ते सर्वदूर पोहोचवले. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ही विद्या रुजवली आणि पुढे गुणवत्ता नियंत्रणाच्या रूपाने ती उद्योगांपर्यंत नेली. पुण्यात कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभाग उभारला. पिंपरीच्या माळरानावर कारखान्यांची गर्दी होण्याआधीच ही विद्या शेजारी येऊन ठेपली होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आधी गेज तपासा

वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना ही रीत आणखी एका वाटेने भेटते. २०१६ मध्ये आलेल्या ‘आयएटीएफ १६९४९’ या गुणवत्ता मानकानुसार मोजमापाची पद्धतही संख्याशास्त्रीय कसोटीवर तपासावी लागते. त्यासाठी साधारणपणे दहा जॉब निवडतात, तीन जणांकडून प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजून घेतात आणि एकूण तफावतीत जॉबचा वाटा किती, मोजणाऱ्याचा किती व उपकरणाचा किती, हे प्रचरण विश्लेषणाने वेगळे काढतात. मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० टक्क्यांच्या पुढे गेला तर ती पद्धत अस्वीकार्य, असा प्रघात आहे. याचा अर्थ सरळ आहे. गेजच भरवशाचे नसेल, तर त्याने ‘रिजेक्ट’ ठरवलेल्या जॉबचे खापर कामगाराच्या माथी फोडता येत नाही.

दोन गैरसमज

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवायला हवे. ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. आपल्या पहिल्या चाचणीत क इन्सर्ट खरोखर सरस असेलही. पाच फेऱ्यांत ते कळले नाही, एवढेच. धारांमधील तफावत एवढीच राहिली आणि इन्सर्टमध्ये खरोखर एवढाच फरक असला, तर तो १०० पैकी ८० वेळा पकडण्यासाठी प्रत्येक इन्सर्टच्या सुमारे १४ फेऱ्या घ्याव्या लागतील. चाचणीचा खर्च वाढेल, पण वर्षभराच्या चुकीच्या खरेदीपुढे तो किरकोळच.

दुसरी गोष्ट याच्या उलट. आता यंत्रे स्वतःच हजारो नोंदी साठवतात. नोंदी भरमसाट असल्या, की अर्ध्या जॉबचा फरकही ‘सिद्ध’ होतो. तो खरा असेल, पण त्यासाठी दीडपट किंमत मोजावी का, हे संख्याशास्त्र सांगत नाही. तो हिशेब उद्योजकानेच मांडायचा असतो.

आकडेमोडीची धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. कार्यालयातील संगणकावरील एक्सेलमध्ये ‘डेटा ॲनालिसिस’ या सुविधेत अनोव्हाचा पर्याय आहे आणि तीन रकाने भरले, की उत्तर क्षणात मिळते. कठीण आहे ते आकडे प्रामाणिकपणे नोंदवणे आणि निष्कर्षाची घाई टाळणे.

आता पुन्हा त्या फलकाकडे वळू. तीन पाळ्यांच्या सरासऱ्यांसोबत रोजचे आकडेही समोर ठेवले, तर बैठकीतला पहिला प्रश्न बदलेल. ‘रात्रपाळी मागे का?’ याऐवजी ‘रात्रपाळी खरोखर मागे आहे का?’ असे विचारले जाईल. फरक योगायोगाचा निघाला, तर कोणावर तरी होणारा अन्याय टळेल. फरक खरा निघाला, तरी दोष लगेच माणसाचा ठरत नाही, कारण पाळ्या काही चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या नसतात. रात्री प्रकाश कमी असेल, गेज तपासणारा हजर नसेल किंवा अवघड जॉब त्याच पाळीकडे येत असतील. फलकावरचा आकडा शोधाची दिशा दाखवतो. त्यावरून कोणाची रोजी-रोटी ठरवण्यापूर्वी तो शोध पूर्ण व्हायला हवा.