सही न घेतलेली पोचपावती

मामांची तक्रार साधी होती. "त्या भंगार मेल्स मी उघडतसुद्धा नाही रे, नुसत्या डिलीट करतो. तरी रोज वाढतायत."

टपाल खात्यात उभी हयात गेलेला हा माणूस. त्यांच्याकडून हलगर्जीपणा होणार नाही, हे मला ठाऊक होतं. शेजारी बसलो आणि म्हटलं, रोज करता तसंच करा. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम उघडलेला होता. वर यादी, खाली प्रीव्ह्यू. मामांनी 'कर्ज मंजूर' असं लिहिलेल्या ओळीवर एकदा क्लिक केलं. खाली हसरं जोडपं, नवी गाडी, एक लोगो उमटला. मग डिलीट दाबलं. मध्ये फार तर दोन सेकंद गेले. पण पुसायला म्हणून निवडलेली मेल प्रीव्ह्यूमध्ये उघडलेलीच असते.

थंडरबर्ड मुळात बाहेरची चित्रं आणत नाही. ती अडवल्याची पट्टी तेवढी वर दिसते. मेल ओकीबोकी दिसते म्हणून मामांना कुणीतरी सेटिंगमध्ये परवानगीची खूण करून दिली होती. ती काढली. मग डिलीट केलेली मेल शोधून कंट्रोल-यू दाबलं. समोर आला मेलचा कच्चा मजकूर. हा सावकाश वाचावा लागतो. जागोजागी बरोबरच्या चिन्हाला '३डी' चिकटलेलं असतं. ती मजकूर पाठवण्याची सांकेतिक पद्धत, तिथं नुसतं 'बरोबर' वाचायचं. अशा मेलमध्ये चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो, आणि प्रोग्राम त्या पत्त्यावरून ते मागवतो. लोगोचा पत्ता सापडला, जोडप्याचा सापडला. अगदी तळाशी तिसरा होता : रुंदी १, उंची १. पडद्यावरचा एक ठिपका, बहुधा पारदर्शक. पत्त्याच्या शेवटी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ.

तीच मेल माझ्या स्पॅममध्येही पडली होती. दोन्ही कच्चे मजकूर शेजारी शेजारी लावले. नाव-पत्ता, वेळ, वाटेतल्या नोंदी सोडल्या तर ओळन् ओळ सारखी. फरक फक्त त्या माळेत. म्हणजे ती माळ मामांची खूण होती. ठिपका मागवला गेला की पलीकडच्या सर्व्हरला कळतं : हा पत्ता चालू आहे, मेल अमुक वाजता पाहिली, अमुक आयपी पत्त्यावरून. चालू पत्त्यावर स्पॅम पाठवणं वाया जात नाही.

मामा बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. "ही तर पोचपावती. पण आम्ही सही घ्यायचो."

याहून नेमका शब्द मला सापडला नसता. रजिस्टर पत्र घेणाऱ्याला माहीत असायचं की आपली सही उलट टपाली जाणार. नको असेल तर तो पत्र परत करू शकायचा. तो नकाराचा हक्क इथं गुपचूप काढून घेतला जातो, आणि मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही.

एके काळी प्रीव्ह्यूचा धोका याहून मोठा होता. १९९९ मधला 'बबलबॉय' हा व्हायरस आउटलुक एक्स्प्रेसच्या प्रीव्ह्यूमध्ये मेल नुसती दिसली तरी चालू व्हायचा. ते छिद्र बुजवलं गेलं. पुढे आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीत बाहेरची चित्रं आपोआप अडवली जाऊ लागली. २०१३च्या डिसेंबरपासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. आयपी पत्ता लपतो, पण माळ प्रत्येकाची वेगळी असेल तर उघडल्याची वर्दी जातेच. म्हणून मामांच्या फोनवरही, चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडला. ॲपलनं २०२१ मध्ये काढलेली युक्ती मला सगळ्यात आवडते : मेल उघडा किंवा नका उघडू, चित्रं आधीच मागवून ठेवायची. मग पावतीवर कुणी विश्वास ठेवायचा?

शेवटी एफ-८ दाबून प्रीव्ह्यू बंद केला. मामांनी यादीतल्या भंगार ओळी एकेक निवडून पुसल्या. खाली काहीच उमटलं नाही. मग नातीची मेल डबल-क्लिक करून उघडली. तिचे फोटो लगेच दिसले. ते मेलबरोबरच आले होते, कुठून मागवायचे नव्हते.