सही करण्याआधी वाचा

अमेरिकेत बारावी हे शाळेचं शेवटचं वर्ष. तिथे या मुलांना 'सीनिअर' म्हणतात. वर्ष सुरू होताच इंग्रजीचे शिक्षक एक छापील पत्रक देतात. काय वाचायचं, निबंध कधी द्यायचे, उशीर झाला तर किती गुण कापणार, आजारपणात बुडालेलं काम कसं भरून काढायचं, हे सारं त्यात असतं. पुष्कळ शाळांत त्यावर विद्यार्थ्याची आणि पालकांची सही घेतात.

इथून तिकडे गेलेल्या आई-वडिलांना ही नुसती औपचारिकता वाटू शकते. पण बहुतेक राज्यांत शाळेचा डिप्लोमा मिळण्यासाठी चार वर्षं इंग्रजी उत्तीर्ण व्हावं लागतं. शेवटच्या वर्षी विषय राहिला, तर डिप्लोमा अडू शकतो.

सर्वांत कडक नियम उसन्या मजकुराचा. आपल्याकडे गाईडमधलं उत्तर पाठ करून लिहिलं तरी गुण मिळतात. तिथे दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून दिलं, तर शून्य पडू शकतं. दुसऱ्याचं घ्यायला बंदी नाही. मात्र अवतरणचिन्हं घालून लेखकाचं नाव आणि पान सांगायचं. १८८३ साली स्थापन झालेल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत त्यासाठी सर्रास वापरतात. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून त्याविषयीचा नियमही अनेक पत्रकांत दिसतो.

हे पत्रक शिक्षकांनाही बांधून ठेवतं, कारण कशाला किती गुण, हे त्यांनी आधीच लिहून दिलेलं असतं. म्हणून मुलाला शेजारी बसवून ते पूर्ण वाचा. शंका पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि मगच सही करा.