जीपच्या पोटातले इंजिन आधी ओळखा, मग पैसे मोजा

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. मात्र जुनी जीप घेताना विकणारा सांगेल ते इंजिन आपण खरे मानतो. ही चूक केवढ्यात पडते, ते पाथर्डीकडच्या एका घराच्या उदाहरणावरून सांगतो.

“प्यूजोचे इंजिन आहे” असे ऐकून त्यांनी जीप घेतली. करंजीच्या घाटात गाडी तापली आणि हेड गॅसकेट गेले. घरधन्याने नगरहून प्यूजोचा लायनर-पिस्टनचा सेट आणला. मिस्त्रीने इंजिन उघडले, तर ते ट्रॅक्टरच्या जातीचे निघाले. उघडलेला सेट दुकानदार परत घेईना. ऐन कांदाकाढणीत गाडी ओट्याला उभी राहिली आणि कारभारणीने भिशीतून जमवलेली रक्कम तिच्यात गेली.

घराणी चार

महिंद्रने आपल्याकडे 1947 पासून जीपची जोडणी सुरू केली. त्या जुन्या जीपना पेट्रोल इंजिन असे. पुढे पेट्रोल परवडेना, तशी डिझेल इंजिने बसवली जाऊ लागली. आज जुन्या जीपमध्ये मुख्यतः चार डिझेल इंजिने भेटतात. पहिले पर्किन्स पी-4. दुसरे बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातले एमडी 2350. तिसरे प्यूजोचे एक्सडीपी 4.90; त्याचा परवाना महिंद्रने 1979 साली फ्रान्सहून घेतला. चौथे नंतरच्या काळातले डीआय, 2523 सीसीचे.

ओळखावे कसे?

प्रथम आरसी बुक काढा. त्यातला इंजिन नंबर आणि सीसी पाहा, आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर चिंधीने पुसून ताडून बघा. त्यानंतर साधे लोहचुंबक घेऊन हेडला लावा. प्यूजोचे हेड अॅल्युमिनियमचे असते, त्याला चुंबक धरत नाही. डीआयचे बिडाचे असते, त्याला घट्ट चिकटते.

पक्की ओळख हेड उघडल्यावर पटते. पिस्टन पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना माप घ्या. दोहोंतला फरक म्हणजे स्ट्रोक. प्यूजोचा 83 मिलिमीटर, एमडी आणि डीआयचा 101.6, तर पर्किन्स पी-4 चा 127. बोअर करून सिलिंडर रुंदावतो, स्ट्रोक मात्र तसाच राहतो. म्हणून याच मापावर भरवसा ठेवावा. एमडी आणि डीआय यांचा स्ट्रोक एकच असल्याने तेथे पिस्टनचे डोके पाहा. डीआयच्या पिस्टनमध्ये खोल वाटी असते, कारण डिझेलचा फवारा थेट तिच्यातच उडतो. बोअरही निराळा: एमडीचा सुमारे 86, डीआयचा 88.9 मिलिमीटर.

‘4.90’ या आकड्यातही अर्थ आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर. शाळेत जाणाऱ्या मुलाला हिशेब करू द्या. 9 गुणिले 9 गुणिले 0.785 गुणिले 8.3 गुणिले 4, म्हणजे सुमारे 2,112 सीसी. आरसी बुकात दुसराच आकडा असेल, तर तेथेच थांबावे.

सुधारणा कोणत्या क्रमाने?

इंजिन बदलण्यापूर्वी आहे त्याची तब्येत पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झाडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर गॅसकेटची शंका घ्या. नोझल आणि पंप तपासून घ्या, रेडिएटर साफ करा, कॉम्प्रेशन मोजा. प्यूजोच्या बाबतीत तर पाण्याकडे विशेष लक्ष हवे. अॅल्युमिनियमचे हेड तापले की वाकते. एवढ्यावर पुष्कळ जीपा पुन्हा कामाला लागतात.

तरीही बदलायचेच ठरले, तर डीआय डिझेलला काटकसरी पडते आणि थंडीत लवकर सुरू होते. मात्र इंजिनाची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. बेल हाउसिंग, क्लच, माउंटिंग जुळावे लागते. वजन वाढल्यास पुढचे पाटे आणि ब्रेकही पाहावे लागतात. मिस्त्रीकडून हे सर्व कागदावर लिहून घ्या आणि मगच होकार द्या.

कागदाचे काम

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाशी बोला आणि लागेल ती परवानगी घ्या. बदल झाल्यावर चौदा दिवसांत तेथे कळवा. गाडी एमएच-16 ची असेल तर नगरला, एमएच-17 ची असेल तर श्रीरामपूरला जावे. इंजिनाची पावती जपून ठेवा. इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळला नाही, तर पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण अडते आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळवताना घरच्यांना हेलपाटे पडतात.

तेव्हा पुढल्या वेळी जीप पाहायला जाताना खिशात चुंबक, हातात टेप आणि सोबत जाणता मिस्त्री न्यावा. हेड उघडायला विकणारा तयार नसेल, तर निदान चुंबक आणि आरसी बुक यांचा मेळ बसेपर्यंत विसार देऊ नये. बैलाचे दात पाहिल्यावाचून दावे हाती घेत नाही, तोच न्याय येथेही लावावा.