कड्यावरची धावपट्टी

२०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत सेंट हेलेना बेटावर माणसांना नियमाने आणणारं-नेणारं जहाज एकच होतं, 'आरएमएस सेंट हेलेना'. केप टाउनहून निघालं की पाच रात्री समुद्रात काढायच्या. बेट समोर दिसू लागलं तरी सुटका नसे, कारण राजधानी जेम्सटाउनला मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहायचं, उतारू छोट्या होडीत बसायचे. ती होडी लाटेबरोबर वर आली की पायऱ्यांवर लोंबणारा दोर धरायचा आणि नेमक्या क्षणी पाय टाकायचा. क्षण चुकला तर पाय पाण्यात. नव्या गव्हर्नरसाहेबांनाही तोच दोर.

हे बेट दक्षिण अटलांटिकमध्ये आहे. आफ्रिकेचा किनारा पूर्वेला सुमारे १,९०० किलोमीटरवर. सर्वांत जवळची जमीन म्हणजे असेन्शन, तीही सुमारे १,३०० किलोमीटर दूर आणि तेही बेटच. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. बेटावरचे लोक स्वतःला 'सेंट्स' म्हणवतात. ब्रिटनचा हा सागरापलीकडचा प्रदेश जगाला ठाऊक आहे तो नेपोलियनमुळे. १८१५ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं आणि १८२१ मध्ये तो इथेच वारला.

पण या बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी आपल्या गोव्यातून गेलेला आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. बेट सापडलं तेच हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीज आरमाराला, १५०२ मध्ये. पुढे गोव्यातला फर्नांव लोपिश नावाचा पोर्तुगीज शिपाई आदिलशाहीच्या बाजूला गेला आणि मुसलमान झाला. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने अशा फितुरांना जीवदान दिलं, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून. मायदेशी परतताना लोपिश सेंट हेलेनावर उतरला आणि तिथेच राहिला. माणसांना तोंड दाखवायला नको म्हणून निवडलेली जागा ती! नेपोलियनच्या आधी तीनशे वर्षं या बेटाचा गुण हाच होता, की ते लांब होतं. नंतर झुलू राजा दिनुझुलू आणि बोअर युद्धातले हजारो कैदी इथे ठेवले गेले, तेही याच गुणामुळे.

शिडाच्या जहाजांचा काळ होता तोवर लांब असूनही बेट वाटेवर होतं. पूर्वेकडून परतणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इथे पाणी भरत. वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि वाटच बदलली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तरणी पोरं असेन्शनला, फॉकलंडला नोकरीला जात होती. २००२ मध्ये ब्रिटनचं पूर्ण नागरिकत्व परत मिळाल्यावर इंग्लंडची दारंही उघडली. बेटाचा खर्च लंडनच्या अनुदानावर चालत होता. बेट स्वतःच्या पायावर उभं करायचं तर पर्यटक हवेत, आणि पर्यटक हवेत तर विमानतळ हवा, असा हिशोब मांडला गेला. २००२ च्या जनमतात सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी विमानतळाला कौल दिला. २००५ मध्ये योजना जाहीर झाली, २००८ मध्ये थांबली, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बेसिल रीड कंपनीशी करार झाला. एकूण तरतूद २८ कोटी ५५ लाख पौंडांची, म्हणजे बेटावरच्या माणशी साठ हजार पौंडांहून जास्त.

बेट ज्वालामुखीचं. सगळीकडे डोंगराच्या सोंडा आणि खोल घळी. त्यातल्या त्यात सपाट जागा एकच, पूर्व टोकाचं प्रॉस्परस बे प्लेन हे उजाड पठार. तेही धावपट्टीला पुरेसं लांब नव्हतं. पठार संपतं तिथे ड्राय गट नावाची घळ आडवी येते. ती भरून काढल्याशिवाय पुढे काहीच शक्य नव्हतं.

पण त्याआधीचा प्रश्न असा, की डोंगर फोडणारी यंत्रं बेटावर उतरवायची कशी? दोर धरून माणूस उतरतो, बुलडोझर नाही. त्यासाठी जेम्सटाउनशेजारच्या रूपर्ट्स खाडीत आधी तात्पुरता धक्का बांधला. जुलै २०१२ मध्ये 'एनपी ग्लोरी ४' हे जहाज नामिबियाच्या वॉल्विस बेहून येऊन त्याला लागलं. बेटाच्या पाचशे वर्षांच्या इतिहासात धक्क्याला लागलेलं हे पहिलं समुद्री जहाज. डिझेल, सिमेंट, सुरुंगाची दारू, स्क्रू-खिळे, सगळं याच जहाजाने यायचं. एखादा सुटा भाग मोडला तर दुकानात जाऊन आणायची सोय नव्हती, पुढच्या फेरीची वाट बघायची. खाडीपासून पठारापर्यंत १४ किलोमीटरचा रस्ता वळणावळणाने वर न्यावा लागला.

या रस्त्याच्या तोंडाशीच रूपर्ट्स व्हॅलीत दफनभूमी लागली. १८४० नंतरच्या तीन दशकांत ब्रिटिश आरमाराने अटलांटिकमध्ये गुलामांची जहाजं पकडली आणि त्यांवरचे पंचवीस हजारांहून जास्त आफ्रिकी लोक या बेटावर उतरवले. सुटका झाली, पण उपासमार आणि रोगराईने त्यांतले सुमारे आठ हजार इथेच मेले. रस्त्यासाठी, काम सुरू होण्याआधीच, २००७-०८ मध्ये ३२५ जणांचे सांगाडे उकरून काढावे लागले. ते पुन्हा पुरले गेले २०२२ मध्ये. चौदा वर्षं ते जेम्सटाउनमध्ये खोक्यांत पडून होते. कोट्यवधी पौंडांच्या कामात एवढ्या एका गोष्टीला सवड सापडली नाही, याला काय म्हणावं?

घळीचं काम मात्र खरोखर अचाट होतं. पठारावरचा खडक सुरुंग लावून फोडायचा, डंपरने घळीच्या तोंडाशी न्यायचा, थर पसरायचा, त्यावर रोलर फिरवायचा आणि मग पुढचा थर. असा सुमारे ८० लाख घनमीटर भराव घातला, सुमारे शंभर मीटर उंचीचा. वायरबर्ड हा इवलासा टिटवीच्या कुळातला पक्षी जगात फक्त याच बेटावर आढळतो. पठारावर इतरत्र कुठेही न सापडणारे कोळी-किडेही होते. त्यांचीही काळजी घेणं भाग होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये यंत्रणा तपासायला आलेलं छोटं किंग एअर विमान धावपट्टीवर उतरलं. समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच पठारावरची ही धावपट्टी कड्यापर्यंत जाते.

खडकाचा हिशोब चुकला नाही. चुकला तो वाऱ्याचा.

या बेटावरच्या हवेबद्दल तक्रार करणारे जुने साक्षीदार साधेसुधे नाहीत. दक्षिणेकडच्या ताऱ्यांची यादी करायला १६७७ मध्ये एडमंड हॅली इथे आला, तर ढगांनी त्याला पुरतं जेरीस आणलं. जुलै १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन आला. हजारेक फूट खोल कड्याच्या काठावर तो उभा होता. त्याच्या भोवती हवा स्तब्ध, आणि काही हातांवर समुद्रपक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झगडत होते. त्याने काठाशी जाऊन हात बाहेर काढला, तर वाऱ्याचा पुरा जोर हाताला लागला. कड्यावर आदळलेला वारा वर वळतो आणि शांत हवा व तुफान यांच्यात जेमतेम दोन यार्डांचं अंतर उरतं, हे त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. ज्या आकाराच्या कड्यावर हे घडलं, तशाच कड्याच्या डोक्यावर पुढे धावपट्टी आली.

वैमानिकाच्या भाषेत हाच विंडशिअर. वाऱ्याचा वेग किंवा दिशा थोड्याशा अंतरात एकदम बदलते आणि उतरायला आलेल्या विमानाची उचल अचानक कमी-जास्त होते. सेंट हेलेनावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वर्षभर येतात. धावपट्टी साधारण दक्षिणोत्तर आहे. उत्तरेकडून यावं तर वारा समोरून मिळतो, उतरायला तेच चांगलं, पण त्याच टोकाला कडे-डोंगरांमुळे हवा घुसळलेली असते. दक्षिणेकडून यावं तर हवा त्यामानाने शांत, पण वारा पाठीमागून. मग विमान थांबायला जास्त अंतर लागतं, आणि धावपट्टीपलीकडे दरी.

एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० हे विमान चाचणीसाठी आलं. उत्तरेकडून उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून त्याला पुन्हा वर जावं लागलं. नंतर ते उतरलं, पण या विमानाने नियमित सेवा चालवणं धोक्याचं ठरलं. २१ मे हा बेटाचा वर्धापनदिन. त्या दिवशी थाटात व्हायचं उद्घाटन रद्द झालं. ब्रिटनच्या वृत्तपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' अशी पदवी दिली. डिसेंबरमध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, की वाऱ्याचा परिणाम काय होईल हे तपासण्याआधीच विमानतळ बांधून पुरा केला, हे थक्क करणारं आहे. समितीचं चुकलं नाही. बेटावरच्या कोणत्याही मेंढपाळाने त्या पठारावर वारा कसा असतो ते सांगितलं असतं.

उपाय निघाला तो विमान बदलून. १४ ऑक्टोबर २०१७ ला दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीचं एम्ब्रेअर १९० जोहान्सबर्गहून विंडहुकमार्गे पहिली नियमित फेरी घेऊन उतरलं. जवळजवळ शंभर आसनांच्या या विमानात उतारू फक्त ७६ घ्यायचे ठरलं. बाकीचं वजन इंधनाचं. एरवी एका विमानतळावर उतरता आलं नाही तर शेजारच्यावर जाता येतं. इथे शेजार नाही. उतरण्याचे प्रयत्न करायचे, घिरट्या घालून हवामान सुधारायची वाट बघायची आणि नाहीच जमलं तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत परत जायचं, एवढं इंधन पोटात हवं. म्हणून पुढे बेटाकडे जाताना वॉल्विस बेला उतरून टाक्या भरून घेण्याची पद्धत पडली. ढग खाली आले की आजही विमान बेटाच्या माथ्यावरून परत जातं आणि उतारूंना दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रवास करावा लागतो.

बहुतेक काळ आठवड्याला एकच विमान, तेही बहुधा शनिवारी. तरी अग्निशमन दल, हवाई नियंत्रक, हवामान निरीक्षक, सुरक्षा कर्मचारी सगळं बारमाही लागतंच. नियम विमानांची संख्या बघत नाहीत. वर्षाला तीसेक हजार पर्यटक येतील असा दूरचा अंदाज कागदावर होता. प्रत्यक्षात आलेले त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. त्या हिशोबाने विमानतळ तोट्यातच आहे. मला तो हिशोबच मुळात लबाड वाटतो. साडेचार हजार माणसांना जगाशी जोडणाऱ्या गोष्टीची किंमत पर्यटकांच्या डोक्यांवर का लावायची? नियमित सेवा सुरू होण्याआधीच, सगळीकडे थट्टा चालू असताना, याच धावपट्टीवरून अत्यवस्थ रुग्णांना हवाई रुग्णवाहिकेने हलवलं जात होतं. आधी त्यांना जहाजाची वाट पाहावी लागे, आणि मग पुढच्या पाच रात्री.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि एअरलिंकची सेवा बंद पडली. जहाज तर दोन वर्षांपूर्वीच विकून टाकलं होतं. तेव्हा टायटन एअरवेजची भाड्याची विमानं इंग्लंडहून पश्चिम आफ्रिकेतल्या आक्रा शहरात इंधन घेऊन बेटावर येत राहिली. औषधं, तपासणीची सामग्री, परतणारे सेंट्स, सगळं त्यांतूनच आलं. जोहान्सबर्गची फेरी पुन्हा सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये. बटाटे, सिमेंट आणि मोटारी मात्र अजूनही केप टाउनहून मालवाहू जहाजानेच येतात.