स्तनातल्या सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात

धडगावच्या डोंगरातून किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबारला तपासायला आलेल्या बाईला एकच शब्द माहीत असतो : गाठ. पुढचं सगळं मात्र गाठीच्या जातीवर ठरतं. बहुतेक स्तनकर्करोग दुधाच्या नळ्यांच्या आणि ग्रंथींच्या अस्तरात सुरू होतात. सार्कोमा हा कर्करोग उगवतो तो त्यांना आधार देणाऱ्या मऊ ऊतींत, रक्तवाहिन्यांत, चरबीत. स्तनाच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे.

‘दुखत नाही, म्हणजे साधीच गाठ.’ हा समज सर्वांत घातक. सार्कोमा बहुधा दुखतच नाही. तो भराभर वाढतो. फायलोड्स नावाची त्याची एक जवळची गाठ आहे. योहानेस म्युलर यांनी 1838 मध्ये तिला हे नाव दिलं, कारण कापल्यावर ती आतून पानांसारखी दिसते. बहुतेक फायलोड्स कर्करोगाच्या नसतात. काही असतात, आणि त्यांवर सार्कोमासारखेच उपचार करावे लागतात.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ या भीतीपायी किती बायका महिनोन् महिने लेप लावत घरी बसतात! सुईने रोग पसरत नाही. उलट, इथे बारीक सुईची तपासणी अपुरी पडते : तिच्यात सुट्या पेशी येतात, आणि फायलोड्स फायब्रोॲडिनोमा या साध्या गाठीसारखी दिसू शकते. म्हणून जाड सुईने तुकडा काढून तपासायचा, आणि तोही ऑपरेशनच्या आधी. साधी समजून नुसती सोलून काढलेली फायलोड्स पुन्हा उगवू शकते. मग दुसरं ऑपरेशन, दुसरा प्रवास, पुन्हा बुडालेली मजुरी.

‘स्तन आणि काखेतल्या गाठी, दोन्ही काढावेच लागतात.’ नाही. गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट निघत असेल, तर स्तन राखता येतो. सार्कोमा काखेतून क्वचितच पसरतो. तो रक्तावाटे फुफ्फुसांत जातो. म्हणून छातीचा सीटी स्कॅन महत्त्वाचा. हार्मोनच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. मोठ्या किंवा आक्रमक गाठीला किरणोपचार, काहींना केमो देतात.

मार लागल्यानं सार्कोमा होत नाही. माराच्या निमित्तानं आधीचीच गाठ हाताला लागते.

‘लाइट (किरणोपचार) दिल्यानं नवा कॅन्सर होतो’ यात तथ्याचा एक कण आहे. स्तनकर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या फार थोड्या स्त्रियांना काही वर्षांनी त्या जागी अँजिओसार्कोमा होतो. पण किरणांचा फायदा त्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे, त्यामुळे ते नाकारू नयेत. मात्र त्या कातडीवर मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग उठला, तर लगेच दाखवावा.

इतका दुर्मिळ आजार जिथे रोज पाहिला जातो, तिथलं मत घेणं मला फार गरजेचं वाटतं. असं ठिकाण म्हणजे मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल; ते 1941 पासून आहे. निघताना रेशनकार्ड, आधार यांबरोबर पहिल्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला गाठ पाहता येत नाही.