खेळाडूचा आंकडा आणि संघाची निवड

महाड तालुक्यांत वरंध घाटाच्या पायथ्याशीं शिवथरचें खोरें आहे. समर्थ रामदासांच्या घळीमुळें तें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. अशा खोऱ्यांतल्या एखाद्या वाडीला शेजारच्या गांवाशीं कबड्डीचा सामना खेळावयाचा असेल, तर सात गडी निवडण्यासाठीं कोणी वही घेऊन बसत नाहीं. कोणाचा दम किती, चढाईला कोण धीट, पकडींत कोणाचा हात सुटत नाहीं आणि ऐन वेळीं कोणाचे पाय लटपटतात, हें पारावर बसणाऱ्या चार जाणत्यांना तोंडपाठ असतें. तेथें निवडीवरून भांडणें होत नाहींत असें नाहीं; परंतु तीं भांडणें निदान डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींवरून होतात.

निवडणाऱ्यानें खेळाडूला कधीं पाहिलेंच नसेल, तर मात्र सारा प्रकार पालटतो. नागपूरची एक मुलगी, नाशिकचा एक तरुण आणि चेन्नईचा एक शाळकरी मुलगा यांच्यांत बुद्धिबळांत सरस कोण, हें कोणत्या पारावर ठरावें? तिघे एकमेकांशीं क्वचितच खेळलेले असतात. या अडचणीवर जो तोडगा जगानें मान्य केला, त्याचें नांव रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या बळाचा आंकडा.

या आंकड्याची आज रूढ असलेली पद्धत आर्पाड एलो यांनीं बसविली. ते जन्मानें हंगेरियन. लहानपणींच अमेरिकेस गेले, मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले, आणि स्वतःहि चांगले बुद्धिबळपटू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनें त्यांची पद्धत १९६० सालीं स्वीकारली, आणि जागतिक महासंघानें, म्हणजे फिडेनें, १९७० सालीं. कोणताहि खेळाडू रोज सारखाच खेळत नाहीं. त्याचा खेळ एका मध्यबिंदूच्या आसपास खालीं-वर होत असतो, हें एलो यांनीं गृहीत धरलें. तो मध्यबिंदु शोधणें एवढेंच आंकड्याचें काम.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तापमापकांतील पारा ज्याप्रमाणें उष्णता दाखवितो, त्याप्रमाणें हा आंकडा बुद्धि दाखवीत नाहीं. सुटा आंकडा मुका असतो. दोन आंकड्यांतील फरक तेवढा बोलतो. विजयाचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा असा हिशेब धरला, तर समान आंकड्यांचे दोघे शंभर डाव खेळल्यास प्रत्येकाला पन्नास गुण अपेक्षित असतात. फरक शंभराचा असेल तर वरच्याला सुमारें ६४, दोनशांचा असेल तर ७६, आणि चारशांचा असेल तर ९१. प्रत्यक्षांत अपेक्षेहून अधिक मिळालें कीं आंकडा चढतो, कमी मिळालें कीं उतरतो. १८०० च्या खेळाडूनें २००० च्या खेळाडूला हरविलें तर सामान्यतः त्याच्या खात्यांत पंधरा गुणांची भर पडते. तो हरला तर पांचच जातात. दुबळ्याला हरवून बलाढ्याला फारसें कांहीं मिळत नाहीं, ही या पद्धतींतली न्यायबुद्धि मोठी सुरेख आहे.

पुढें हेंच गणित इतर खेळांनीं उचललें. बिलियर्ड्सचा खेळ महाराष्ट्राला नवा नव्हे. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं त्या खेळाचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हां एलो यांची पद्धत बुद्धिबळांतहि रूढ व्हावयाची होती. त्याच कुळांतला पूल हा खेळ आज अमेरिकेंत पेशा म्हणून खेळला जातो, आणि तेथील खेळाडूंना फार्गो या शहराच्या नांवानें ओळखलें जाणारें रेटिंग असतें. दोघांत शंभराचा फरक असेल तर वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट फ्रेम जिंकेल, असा त्याचा अर्थ. युरोप व अमेरिका यांच्यांत १९९४ पासून होणाऱ्या मोस्कोनी चषकासाठीं आतां प्रत्येकीं पांच खेळाडू निवडतात. त्या जागांच्या वाटपांत कांहीं वांटा वर्षभराच्या गुणांचा, तर कांहीं कर्णधाराच्या पसंतीचा असतो. कर्णधाराला ही मुभा कां असावी, याचें उत्तर त्या गणितांतच आहे. पांच फ्रेम आधीं जिंकणारा विजयी, असा तेथील लहान सामना असतो. दुप्पट बळाचा खेळाडूहि अशा सामन्यांत सातांतून सुमारें एकदां हरतो. आंकडा शेंकडों फ्रेमचा भरवसा देतो. एका संध्याकाळचा देत नाहीं. आणि संघ तर संध्याकाळीं खेळतो.

आंकड्याचा दुसरा दोष असा कीं, तो मागें पाहून चालतो. याचा दाखला २०२२ सालीं चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्यें मिळाला. यजमान असल्यामुळें भारताला खुल्या गटांत एकाहून अधिक संघ उतरवितां आले. पहिल्या संघांत हरिकृष्ण, नाशिकचे विदित गुजराथी, अर्जुन एरिगैसी अशीं मोठ्या आंकड्यांचीं नांवें होतीं. त्या संघाला दुसरें मानांकन होतें. दुसरा संघ बहुतांशीं पोरांचा: गुकेश, निहाल सरीन, प्रज्ञानंद, नागपूरचा रौनक साधवानी, आणि त्यांच्या जोडीला अनुभवी अधिबन. त्याचें मानांकन अकरावें. शेवटीं कांस्यपदक या अकराव्या मानांकनाच्या संघानें घेतलें आणि पहिला संघ चौथा आला. गुकेशनें तर पहिले आठ डाव ओळीनें जिंकले. पहिल्या संघाची निवड चुकली असें म्हणणें अन्यायाचें होईल. हातीं असलेल्या आंकड्यांवरून दुसरी निवड करणें कठीणच होतें. परंतु वाढत्या वयाचा मुलगा महिन्यागणिक सुधारतो, आणि त्याचा आंकडा मात्र स्पर्धेगणिक हलतो.

फिडेला हें ठाऊक नाहीं असें नव्हे. अठरा वर्षांखालील खेळाडूंचे आंकडे, २३०० च्या खालीं असेपर्यंत, दुप्पट वेगानें बदलण्याची सोय नियमांत आहे. तरीहि चांगलीं पण कमी आंकड्याचीं मुलें एकमेकांशींच खेळत राहिलीं, तर तेच गुण या खिशांतून त्या खिशांत फिरतात. म्हणून मार्च २०२४ मध्यें फिडेनें २००० च्या खालील सर्वांचे आंकडे एकदम उचलले: २००० पर्यंत जेवढें अंतर, त्याचे शंभरांत चाळीस भाग प्रत्येकाला दिले. १५०० चा खेळाडू एका दिवसांत १७०० चा झाला. त्याचा खेळ होता तेवढाच होता.

पण ही दुरुस्ती ज्यांच्या नांवापुढें आंकडा आहे त्यांच्यापुरतीच. शिवथरच्या खोऱ्यांतल्या एखाद्या मुलानें गांवांतल्या सर्वांना पटावर हरविलें, तरी त्याचें रेटिंग निघत नाहीं. तें निघण्यासाठीं मान्यताप्राप्त स्पर्धेंत, आंकडा असलेल्या निदान पांच खेळाडूंशीं डाव खेळावे लागतात. म्हणजे पुण्यामुंबईस जाणें आलें, प्रवेशशुल्क आलें, चार-पांच दिवस राहणें आलें, आणि सोबत येणाऱ्या बापाची तितक्या दिवसांची मजुरी बुडणें आलें. त्या मुलाच्या नांवापुढें लहान आंकडा नसतो. तेथें कांहींच नसतें. निवड समितीच्या यादींत लहान आंकडा निदान दिसतो, कोरी जागा दिसत नाहीं. पारावरच्या जाणत्यांच्या हातून पक्षपात होत असेल. पण समोर उभा असलेला मुलगा त्यांच्या नजरेंतून सुटत नसे.

जेथें आंकड्यावर थेट आसन मिळतें, तेथें आंकडाच कमावण्याची खटपटहि सुरू होते. २०२४ च्या आव्हानवीरांच्या स्पर्धेंत एक जागा निव्वळ रेटिंगवर होती. ती मिळावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्यें फ्रान्सचा अलिरेझा फिरूझा याच्यासाठीं, बऱ्याच कमी आंकड्याच्या ग्रँडमास्टरांशीं घाईघाईनें सामने ठरविण्यांत आले. फिडेनें त्यांवर आक्षेप घेतल्यावर तो रुआं येथील खुल्या स्पर्धेंत गेला आणि सातहि डाव जिंकून त्यानें ती जागा मिळविली. तो खेळाडू अस्सल बळाचा, यांत शंका नाहीं. परंतु मापाची काठीच हातीं आली कीं कापड लांब दिसावें असा मोह कोणालाहि होतो.

सप्टेंबर २०२४ मध्यें बुडापेस्ट येथें भारतानें खुल्या व महिलांच्या, अशा दोन्ही गटांत सुवर्णपदकें मिळविलीं. त्या वेळीं भारतांत सर्वांत मोठा आंकडा अर्जुन एरिगैसीचा होता. यादीप्रमाणें पहिला पट त्याचा. प्रत्यक्षांत पहिल्या पटावर गुकेश, दुसऱ्यावर प्रज्ञानंद, तिसऱ्यावर अर्जुन आणि चौथ्यावर विदित असा क्रम लागला. चौघांच्या आंकड्यांची बेरीज कोणत्याहि क्रमानें तीच येते. फळ मात्र तेंच येत नाहीं. गुकेशनें पहिल्या पटावर दहा डावांत नऊ गुण केले, अर्जुननें तिसऱ्यावर अकरांत दहा. दोघांनाहि आपापल्या पटाचें सुवर्णपदक मिळालें.

महिला संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. त्यांच्या संघांत तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख खेळली आणि अकरा डावांत साडेनऊ गुण मिळवून त्या पटावर पहिली आली. पुढें जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकांत ती पंधराव्या मानांकनानें उतरली. चीनच्या झू जिनर आणि तान झोंगयी, भारताची हरिका द्रोणवल्ली या तिच्या वरच्या आंकड्यांच्या खेळाडू एकेक करून बाद झाल्या. अंतिम फेरींत तिनें कोनेरू हंपीला जलद डावांत हरविलें. ग्रँडमास्टर होण्यासाठीं एरवीं २५०० चें रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. तिचा एकहि नॉर्म झालेला नव्हता. विश्वचषक जिंकणारीला तो किताब थेट मिळतो, या नियमानें ती त्या दिवशीं ग्रँडमास्टर झाली, आणि तिचें रेटिंग २५०० च्या खालींच होतें.